समोरच्याला पटेल असं बोलायला मुलांना कसं शिकवावं

१ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होते. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने चार मिनिटं न अडखळता भाषण केलं. आवाज हवा तिथे चढला, हात हवे तिथे उठले, शेंगांची टरफलं आली, शेवटची घोषणाही आली. टाळ्या झाल्या. मग परीक्षक बाईंनी सहज विचारलं, "यातलं तुला स्वतःला काय पटतं रे?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. भाषण मी लिहून दिलं होतं.

त्याच आठवड्यात तोच मुलगा पीटीच्या सरांसमोर उभा होता. दोन दिवस पावसाची झड लागली होती, मैदानाचा चिखल झाला होता आणि सरांनी सातव्या तासाचा खेळ रद्द केला होता. मुलगा म्हणाला, "सर, मैदान ओलं आहे, खरंय. पण व्हॉलीबॉलच्या नेटजवळ मुरूम टाकलाय, तिथे पाणी थांबलेलं नाही, खिडकीतून दिसतंय बघा. तेवढीच जागा द्या. बाकी मैदानात कुणी पाय ठेवणार नाही." सरांनी खिडकीतून पाहिलं आणि कपाटातून नेट काढून दिलं.

मी दारात उभी राहून हे ऐकत होते. समोरच्याची अडचण त्याने आधी मान्य केली, जागेवर तपासता येईल असा पुरावा दाखवला, मागणी लहान केली आणि सरांना ज्याची काळजी होती तिचा बंदोबस्तही सांगितला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि स्टेजवर मी जे शिकवलं होतं त्यात यातलं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी शिकवण्याची पद्धत बदलली. नाशिकमध्ये सातवी ते नववीच्या मुलांबरोबर शनिवारच्या तासांना जे करत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. शिक्षकांना वापरता येईल, तसंच सोसायटीतली चार-सहा मुलं गोळा करणाऱ्या आई-बाबांनाही.

सुरुवातीची जुळवाजुळव

आठ शनिवार धरा. ३५ मिनिटांचा एक तास पुरतो, दोन जोडून मिळाले तर उत्तम. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांनी सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं तर दोन महिन्यांत प्रत्येकाची पाळी एकदाच येते, आणि एकदा बोलून कुणी शिकत नाही. म्हणून सहा-सहांचे गट करा आणि एकाच वेळी सगळे गट बोलू द्या. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. साहित्य म्हणजे प्रत्येकाची एक शंभर पानी वही, तुमच्या मोबाइलमधलं घड्याळ आणि खडू. माइक मुद्दाम ठेवू नका. माइक दिसला की मूल स्टेजवरचं होतं आणि बोलण्याऐवजी भाषण करू लागतं.

पायरी पहिली: विषय देऊ नका, मागणी शोधायला लावा

"पर्यावरण संरक्षण: काळाची गरज", "मोबाइल: शाप की वरदान" हे विषय आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. त्यांच्यावर पटवून देणारं बोलणं होऊच शकत नाही, कारण ते कुणाला पटवायचं हेच ठरलेलं नसतं. पर्यावरण वाचवू नये असं म्हणणारा माणूस वर्गात नाही, गावातही नाही.

पहिल्या तासाला मुलांना वहीत एकच गोष्ट लिहायला सांगा: "माझ्या आजूबाजूला असं काय आहे, जे एका माणसाने हो म्हटलं तर बदलेल?" मग प्रत्येक उत्तराला चार प्रश्न लावा. हो म्हणणारा माणूस नेमका कोण? त्याने नेमकं काय करायचं? केव्हापर्यंत? आणि त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे का? चौथा प्रश्न महत्त्वाचा. जो नाही म्हणू शकत नाही, त्याला पटवावं लागतच नाही.

"कचरा वेगळा करा" ही मागणी नव्हे. "आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी सोमवारपासून ओला आणि सुका कचरा वेगळ्या डब्यांत घंटागाडीत द्यावा" ही मागणी झाली. "वाहतूक सुरक्षा" नव्हे, तर "बाबांनी मला गंगापूर रोडवरून क्लासला सोडताना हेल्मेट घालावं, कॉलनीतून निघतानासुद्धा". एका मुलीने लिहिलं होतं, "आजीने मला एकटीला सायकलवर सार्वजनिक वाचनालयात जाऊ द्यावं." फार सुंदर मागणी होती ती. ऐकणारी एकच, नकार पक्का, आणि नकारामागे प्रेम.

मोठ्या मागण्या हळूच लहान करायला लावा. "महापालिकेने गोदावरी स्वच्छ करावी" असं लिहिणाऱ्या मुलाला विचारा, "आपल्या वाड्यातलं निर्माल्य नदीत कोण टाकतं?" बहुतेक वेळा उत्तर घरातलंच निघतं.

पायरी दुसरी: बोलण्याआधी ऐकून यायचं

ही पायरी मी सर्वांत जास्त वेळ चालवते, पूर्ण दोन शनिवार. घाई करून तिसऱ्या पायरीवर उडी मारू नका.

नायलॉन मांजाचं सांगते. संक्रांत जवळ आली की हा विषय आमच्याकडे निघतोच. जिल्ह्यात येवल्यासारखं गाव आहे, जिथे संक्रांतीला आख्खं गाव आसाऱ्या (मांजाच्या फिरक्या) घेऊन गच्चीवर असतं, आणि शहरातही पतंगाचं वेड कमी नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि पक्ष्यांचे पंख, दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. सातवीतल्या एका मुलाला आपल्या गल्लीतल्या मुलांनी तो वापरू नये असं वाटत होतं. त्याने भाषण तयार केलं. पंख तुटलेली घार होती, रक्त होतं, कायदा होता, शिक्षा होती. गल्लीतल्या मुलांनी ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं, आणि नायलॉनच वापरला.

मी त्याला म्हटलं, आता जा आणि फक्त विचार, बोलू नकोस. तीन प्रश्न दिले: "तू हे का करतोस? सोडलंस तर तुझं काय जाईल? काय झालं तर सोडशील?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवायची, आपले शब्द घालायचे नाहीत. तो वही घेऊन आला. तीन मुलांची उत्तरं वेगवेगळ्या शब्दांत एकच होती: "मी एकट्याने साधा मांजा घेतला तर माझाच पतंग पहिला कटेल."

म्हणजे त्यांना पक्ष्यांची दया नव्हती असं नाही. कायदा ठाऊक नव्हता असंही नाही. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाबद्दल भाषणात एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या वेळी तो पक्ष्यांबद्दल बोललाच नाही. तो म्हणाला, "एकट्याने सोडू नका. आपल्या गल्लीत आणि मागच्या गल्लीत मिळून अकरा जण उडवतो. अकराही जणांनी साधा घेतला तर कुणाचाच आधी कटणार नाही, जो चांगला उडवेल तो जिंकेल. नायलॉनने तर कुणीही जिंकतं." शेवटचं वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलं आणि तेच लागू पडलं. अकरापैकी आठ जण तयार झाले.

वहीत मी दोन रकाने करायला सांगते. डावीकडे "तो काय म्हणाला", उजवीकडे "त्याला खरं काय अडवतंय". डावा रकाना जागेवर भरायचा, उजवा घरी येऊन विचार करून. वरवरचं कारण आणि खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं. आजी म्हणते "रस्त्यावर गर्दी असते", मनात असतं "ही घरी पोचल्याचं मला कळणार कसं?" मग उत्तर गर्दीबद्दल द्यायचं नसतं, पोचल्यावर वाचनालयातून फोन करण्याबद्दल द्यायचं असतं.

याचा मोठ्यांच्या जगातला नमुना नाशिकमध्येच दाखवता येतो. अनंत चतुर्दशीला गोदाकाठी मूर्ती नदीत न सोडता दान करा असं सांगणारी तरुण मुलं "देव द्या, देवपण घ्या" म्हणतात. मुलांना विचारा, इथे "प्रदूषण करू नका" का म्हटलेलं नाही? दहा दिवस पूजा केलेली मूर्ती हातात घेऊन आलेल्या घराची काळजी पाण्याची नसते, बाप्पाचा मान राहील ना याची असते. ती घोषणा त्या काळजीशी बोलते. हे वर्गात उलगडायला मला पंधरा मिनिटं लागतात आणि ती पंधरा मिनिटं मुलांच्या लक्षात राहतात.

पायरी तिसरी: पाच वाक्यांत मुद्दा बांधायचा

मुद्देसूद बोलण्याचा आपल्याकडचा जुना साचा न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, आहे. त्यात पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्याचं ठरलेलं उदाहरण डोंगरावरच्या आगीचं आहे. मी ते नाशिकजवळच्या चामर लेणीच्या डोंगरावर आणून ठेवते, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मुलांनी वणव्याचा धूर लांबून पाहिलेला असतो. डोंगरावर आग लागली आहे. कारण तिथून धूर येतोय. जिथे धूर असतो तिथे आग असते, जशी चुलीत. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे.

(न्यायसूत्रांचे कर्ते गौतम, असं सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, गोदावरीला गौतमी म्हणतात ते याच गौतमांमुळे का?" मी तिथे थांबतेच. नाव सारखं असणं हा पुरावा होतो का, एवढंच विचारते. मुलं आपसांत भांडून "नाही" वर येतात. पुराव्याचा पहिला धडा असा फुकटात होतो.)

आता हाच साचा मुलांच्या मागणीवर. दप्तराच्या ओझ्याचं घेऊ, ऐकणारे आहेत मुख्याध्यापक.

प्रतिज्ञा: "सर, आठवीची चित्रकला आणि कार्यानुभवाची वही शाळेतच ठेवायची परवानगी द्यावी." हेतू: "कारण आमची दप्तरं नियमापेक्षा जड झाली आहेत." उदाहरण: "केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावं. म्हणजे ४० किलोच्या मुलाचं दप्तर ४ किलोपर्यंत." उपनय: "माझं वजन ३८ किलो आहे. काल किराणा दुकानातल्या काट्यावर माझं दप्तर साडेपाच किलो भरलं." निगमन: "या दोन वह्या इथे राहिल्या तर रोजचं ओझं तेवढं कमी होईल, म्हणून परवानगी द्यावी."

मुलं उपनय हमखास विसरतात. सर्वसाधारण नियम सांगतात आणि थेट मागणीवर उडी मारतात, "हा नियम माझ्या बाबतीत असा लागू होतो" हे सांगतच नाहीत. तपासताना मी फक्त चौथं वाक्य शोधते. ते सापडलं नाही तर वही परत.

साचा बोलताना जसाच्या तसा म्हणायचा नाही हे सांगायला विसरू नका. घर बांधताना लावलेल्या परांच्या नंतर काढतात, तसाच तोही काढायचा.

पायरी चौथी: पुरावा आणि भावना

पुराव्याला मी तीनच प्रश्न विचारायला लावते: कुणी सांगितलं, कधी, आणि त्याला कसं कळलं? घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड या तीन प्रश्नांत गळतो. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" हे वाक्य आमच्या वर्गात बंद आहे. कोणत्या, कधी, हे सांगता येत असेल तरच म्हणायचं.

मुलांचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांनी स्वतः मोजलेली गोष्ट. आठ दिवस गेटवर उभं राहून विनाहेल्मेट येणारे पालक मोजणं, पोषण आहारात रोज किती ताटांत भाजी उरते ते लिहिणं, दप्तरं वजन करणं. मोजलेलं आपल्या विरुद्ध गेलं तर तेही सांगायचं, यावर मी अडून बसते. एका गटाने दप्तरं मोजली तेव्हा तीन दप्तरांतलं जास्तीचं वजन वह्यांचं नव्हतंच, क्रिकेटचे चेंडू आणि आधीच्या वर्षीची पुस्तकं निघाली. मुलांना ते लपवायचं होतं. मी म्हटलं, सरांना आधी तेच सांगा. त्यांनी सांगितलं, आणि त्यानंतर सरांनी बाकीची सगळी दप्तरं न तपासता मान्य केली. ॲरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितली आहेत: बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. त्यातला विश्वास कसा कमावतात हे मुलांनी त्या दिवशी पाहिलं.

भावनेबद्दल एकच सांगते. एक माणूस, एक वस्तू, एक क्षण. "लाखो पक्षी तडफडतात" याने कुणी हलत नाही, पण "आमच्या गच्चीवर पारव्याच्या पायात गुंतलेला दोरा मी कात्रीने कापला, तेव्हा तो माझ्या हातात थरथरत होता" याने हलतं. पण ते घडलेलं असलं पाहिजे. रचलेलं दुःख सांगून एखाद्या मुलाने टाळ्या मिळवल्या तर त्याने लोकांना फसवायला शिकलं, आणि शिकवणारे आपण असतो.

पायरी पाचवी: दुसऱ्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची

न्यायशास्त्रातच चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून बोलतात तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा, आपला "वितंडवाद" तिथलाच. ही तीन नावं फळ्यावर लिहा आणि टीव्हीवरच्या एखाद्या चर्चेची दोन मिनिटं आठवायला सांगा. मुलं स्वतःच नावं लावतात. पुढे वर्गात कुणी आरडाओरडा करायला लागलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "जल्प, जल्प!"

सराव असा. दोन खुर्च्या समोरासमोर. एकजण मागणी मांडतो, दुसरा तिला आक्षेप घेतो. उत्तर देण्याआधी पहिल्याने म्हणायचं, "तुझं म्हणणं असं आहे ना, की..." आणि आक्षेप आपल्या शब्दांत सांगायचा. दुसऱ्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी मुलांना हे फार जड जातं. काहींना चार-चार वेळा सांगूनही "हो, हेच" मिळत नाही, कारण समोरचा बोलत असताना ते आपलं उत्तर जुळवत बसलेले असतात. दहा मिनिटांनी खुर्च्या बदला. ज्याने मागणी मांडली त्याने आता मनापासून विरोध करायचा. आजीच्या खुर्चीत बसलेली ती सायकलवाली मुलगी अर्ध्यातच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी आजी असते तर मीही नाही म्हटलं असतं." तिचं खरं बोलणं त्यानंतर तयार झालं.

पायरी सहावी: आवाज, उभं राहणं, भाषा

हे सहाव्या क्रमांकावर आहे, बहुतेक ठिकाणी पहिल्यावर असतं. मुद्दा तयार नसताना हातवारे शिकवले तर ते हातवारेच राहतात.

बोलणं लिहून पाठ करू देऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द, प्रत्येक वाक्याचा एक. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं हवं, कारण घाबरल्यावर तीच दोन ठिकाणं निसटतात. "आज मी आपल्यासमोर जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे" ही सुरुवात स्पर्धेत ठेवावी लागत असेल तर एका दमात संपवा. दप्तरवाल्या मुलाने मुख्याध्यापकांच्या टेबलावर दप्तर ठेवलं आणि म्हणाला, "सर, हे एकदा उचलून बघता?" त्याहून चांगली सुरुवात मी तरी ऐकलेली नाही. शेवटीही "एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो" नको. मागणी पुन्हा एकदा सांगायची आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं मुलांना शिकवावं लागतं, मनात पाचपर्यंत मोजायला सांगते. शांतता सहन न होऊन मुलं स्वतःच म्हणतात, "नाही जमलं तरी चालेल सर", आणि सगळं घालवतात.

आवाजासाठी मैदानात पंधरा पावलं दूर जोडीदाराला उभं करा. ओरडायचं नाही, पोटात श्वास भरून शेवटचा शब्द पोचवायचा. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि मुलं नेमकं तेच गिळतात, "परवानगी द्यावी" मधलं "द्यावी" ऐकूच येत नाही. वेळेचा अंदाज म्हणाल तर आमची मुलं शांतपणे बोलताना तीन मिनिटांत तीनशे-साडेतीनशे शब्द बोलतात. त्याहून जास्त मजकूर असेल तर तो कापा, वेग वाढवू नका.

भाषेवर थोडं थांबते. आमच्याकडे बागलाण, कळवण, मालेगाव भागातून आलेली मुलं आहेत. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी कोकणा बोलतात. ही मुलं वर्गात गप्प असतात, आणि आपण त्यांना लाजाळू ठरवतो. नववीतली एक मुलगी दोन महिने तोंड उघडेना. मी म्हटलं, तुझ्या मामाला सांगतेस तसं अहिराणीत सांग. ती चार मिनिटं बोलली, वर्गातल्या निम्म्यांना सगळे शब्द कळले नाहीत, तरी तिचा मुद्दा कळला. मग तिनेच त्याची प्रमाण मराठी केली, तीही घरच्या ठसक्यासकट. पहिला खर्डा घरच्या भाषेत होऊ द्या. आणि "न-ण" च्या चुका बोलणं चालू असताना सुधारू नका, एवढं हात जोडून सांगते. त्या एका टोकण्याने मूल वर्षभरासाठी मिटतं.

घाबरणाऱ्या मुलांना आधी जोडीदारासमोर वीस सेकंद, मग चौघांसमोर एक मिनिट, मग गटासमोर. पायऱ्या गाळू नका.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. पालकांबरोबर एक संध्याकाळ तिथे जाऊन यायचा अभ्यास मी सुट्टीत देते. विषय समजला नाही तरी चालेल. श्रोते कोणत्या क्षणी चुळबुळ करू लागले आणि कोणत्या वाक्याला पुन्हा स्थिर झाले, एवढंच लिहून आणायचं.

पायरी सातवी: खऱ्या माणसासमोर

वर्गातली तालीम कितीही केली तरी खरं शिक्षण इथेच होतं. ज्याच्याकडे मागणी आहे त्याच्यासमोर जाऊन बोलायचं. अनोळखी माणसाकडे मुलांना एकटं पाठवायचं नाही, दोघं-तिघं आणि सोबत एक मोठं माणूस, जे मध्ये बोलणार नाही. ऐकणाऱ्याला तुम्ही आधी भेटा आणि एकच विनंती करा: कौतुक म्हणून हो म्हणू नका. पटलं नाही तर नाही म्हणा आणि का नाही ते सांगा.

आमच्या चार मुलींना मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं हवं होतं. मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि नाही म्हणाले. ग्रंथपाल बाई त्या वेळेत डबा खातात, पुस्तकं हरवली तर जबाबदार कोण? मुली हिरमुसल्या. मी त्यांना परत दुसऱ्या पायरीवर पाठवलं. त्या ग्रंथपाल बाईंकडे गेल्या, वीस मिनिटं ऐकून आल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा मागणी केली: आठवड्यातून दोनच दिवस, शेवटची पंधरा मिनिटं, पुस्तक घरी न्यायचं नाही, नोंद नववीच्या दोघी ठेवतील, आणि बाईंना हे चालतंय. मंगळवार आणि गुरुवार मिळाले. पहिला नकार मिळाला नसता तर त्यांना निम्मंसुद्धा कळलं नसतं.

आणि कधी कधी सगळं नीट करूनही नकारच येतो. ते मुलांना कसं सांगायचं? मी पंचवटीतल्या काळाराम मंदिराचं सांगते. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी स्पष्ट, न्याय्य, शांततेने केलेली. तो पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्यांचं बोलणं कमी पडलं का?" वर्ग शांत झाला. मागून एकजण म्हणाला, "ऐकणारे कमी पडले." मी त्यात काही भर घातली नाही. समोरचा ऐकायलाच तयार नसेल तर तो आपला दोष नसतो, हे पटवण्याची कला शिकणाऱ्या मुलाला कळलंच पाहिजे. नाहीतर ते प्रत्येक नकार स्वतःच्या अंगाला लावून घेतं.

गुण कसे द्यावेत

वीस गुणांची विभागणी मी अशी करते: समोरच्याची अडचण ओळखणं ६, पुरावा ५, आक्षेपाला उत्तर ४, मागणीची स्पष्टता ३, आवाज आणि उभं राहणं २. पालक शेवटच्या दोन गुणांवर नाराज होतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं, आवाज वयाबरोबर येतो, ऐकायची सवय आपोआप येत नाही.

गुणांपेक्षा उपयोगी पडते ती खडूची रेघ. वर्गाच्या फरशीवर लांब रेघ मारा, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला दहा. बोलणं सुरू होण्याआधी ऐकणाऱ्यांनी आपल्याला मागणी कितपत पटते त्या आकड्यावर उभं राहायचं. बोलणं झाल्यावर पुन्हा. कोण किती सरकलं ते बोलणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. मग फक्त सरकलेल्यांना विचारा, "कोणत्या वाक्याला?" मागे सरकलेल्यांना आधी विचारा. टाळ्यांतून जे कधीच कळत नाही ते इथे दोन मिनिटांत कळतं. रेघेवर कुणी मैत्रीखातर पुढे जायला लागलं तर डोळे मिटून उभं राहायला सांगा.

स्पर्धांचं काय, असं सहकारी विचारतात. स्पर्धा आहेत, राहणार. दिलेला विषय मोठा असेल तर त्यातून एक ऐकणारा आणि एक मागणी शोधून भाषण त्याच्याभोवती बांधा, अलंकार हवे तर वरून घाला. आमची मुलं पूर्वीइतकी बक्षिसं आणत नाहीत. पण परीक्षकांनी प्रश्न विचारला तर आता ती माझ्याकडे पाहत नाहीत.

वेळापत्रकाबद्दल शेवटचं. जूनमध्ये सुरू करू नका, वह्या-पुस्तकं आणि तुकड्या ठरेपर्यंत जुलै उजाडतो. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी धरलंत तर सहामाही परीक्षेआधी आठ तास होतात. दुसरी तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. तिच्यात मांजाचा विषय कुणी निवडला तर त्याला मात्र घाई करायला सांगा. संक्रांत जानेवारीत असली तरी मुलांच्या फिरक्या डिसेंबरातच भरलेल्या असतात.